बद्दू झालेली गावे

माझी नात शिक्षणासाठी आयर्लंडात डब्लिन शहरी असते. दर रविवारी संध्याकाळी तिचा फोन येतो आणि 'जेवलात का, औषध घेतलंत का' एवढे झाले की ती एखादा इंग्रजी शब्द माझ्यापुढे टाकते. मी आयुष्यभर इंग्रजी शिकविले, त्यामुळे आजोबांना काहीतरी काम द्यावे असा तिचा हेतू असावा. गेल्या महिन्यात तिने विचारले, "आबा, डॉनीब्रुक म्हणजे काय हो?"

मी शिक्षकी थाटात म्हणालो, "मोठी दंगल, हाणामारी. दहावीस माणसे एकमेकांच्या उरावर बसली की इंग्रजी वर्तमानपत्रवाले म्हणतात, डॉनीब्रुक झाले."

पलीकडून हसण्याचा आवाज आला. "म्हणजे मी हाणामारीत राहायला गेले म्हणायची! परवाच इथे खोली घेतली. पत्ता डॉनीब्रुकचा. इतकं शांत आहे, आबा, की रात्री नऊनंतर घड्याळाची टिकटिक ऐकू येते. आणि भाडं विचारूच नका."

हे गाव खरोखरच आहे हे मला ठाऊक होते. पण तिथे माणसे भाड्याने खोल्या घेऊन राहतात, भाजी आणतात, कपडे वाळत घालतात, हे कधी डोक्यात आलेच नव्हते. इतकी वर्षे हा शब्द मुलांना शिकविताना माझ्या लेखी ते गाव नव्हतेच, ते एक सामान्यनाम होते. त्या रात्री झोप लागेना, आणि अशी किती गावे आपण इंग्रजीच्या वर्गात गाडून टाकली आहेत याची मी मनाशी मोजणी करू लागलो.

डॉनीब्रुकची हकीकत आधी सांगतो. डॉडर नदीच्या काठचे हे खेडे. इ. स. १२०४ मध्ये इंग्लंडच्या जॉन राजाने तेथे वार्षिक जत्रा भरविण्याची सनद दिली. उन्हाळ्याच्या अखेरीस ही जत्रा भरे. घोडे, गुरे, कापड यांचा व्यापार चाले आणि त्याबरोबर तंबूतंबूंतून दारू, वाद्ये, नाच. सहा शतके लोटली तसा व्यापार ओसरला आणि दारू राहिली. अशा जत्रेत काय होते हे आपल्याकडील कोणत्याही जत्रेला गेलेल्या माणसास सांगायला नको. आयरिश लोकांच्या हातात काठी असे. तिला शिलेली म्हणतात, आणि ते नावही विक्लो परगण्यातल्या एका गावाचेच! म्हणजे मारामारीला एका गावाचे नाव आणि तिच्यातल्या काठीला दुसऱ्या गावाचे. अखेर डब्लिनच्या प्रतिष्ठित मंडळींनी वर्गणी करून जत्रेचा हक्क तिच्या मालकांकडून विकत घेतला आणि १८५५ मध्ये ती बंद केली. आज तेथे श्रीमंतांची वस्ती आहे, रग्बीचे मैदान आहे, आयर्लंडच्या रेडिओ-टेलिव्हिजनचे मुख्य ठाणे त्याच भागात आहे. जत्रा मोडून पावणेदोनशे वर्षे होत आली, तरी अमेरिकेत हॉकीच्या सामन्यात खेळाडू गुद्द्यांवर आले की दुसऱ्या दिवशीच्या मथळ्यात डॉनीब्रुक आहेच.

आणि वर्षाचे किती दिवस ही जत्रा? जास्तीत जास्त पंधरा. उरलेले साडेतीनशे दिवस ते गाव झोपलेलेच असणार. पण झोपलेल्या गावाची कोणी म्हण करीत नाही.

लंडन शहराची गोष्ट याहून गमतीची. फ्लीट स्ट्रीट आणि थेम्स नदी यांच्यामध्ये पूर्वी कार्मेलाइट पंथाच्या साधूंचा मठ होता. त्यांच्या पांढऱ्या झग्यांवरून त्या भागाला व्हाइटफ्रायर्स म्हणत. मठाच्या आवारात शहराच्या अंमलदारांचा हुकूम चालत नसे. देवाच्या दारी आलेल्याला धरायचे नाही, हा जुना संकेत. आठव्या हेन्रीने मठ मोडले, साधू गेले, पण संकेत मागे उरला. मग त्या आवारात शहरातले कर्जबाजारी येऊन राहू लागले, त्यांच्यामागून लफंगे आले. बेलिफ आला की आरोळी उठे आणि गल्लीबोळांतून बाया-बाप्ये जे हाती लागेल ते घेऊन धावत. बेलिफ जीव घेऊन पळे. या वस्तीला लंडनकरांनी नाव दिले अल्सेशिया.

आता अल्सेशिया म्हणजे काय? फ्रान्स आणि जर्मनी यांच्या सीमेवरील अल्सास प्रांत. कधी याच्याकडे, कधी त्याच्याकडे. म्हणून कोणाचाच धड अंमल नाही अशी त्याची ख्याती. थॉमस शॅडवेलने १६८८ मध्ये या वस्तीवर नाटक रचले आणि ते नाव पक्के झाले. माझ्या पिढीच्या मुलांना ते सर वॉल्टर स्कॉटच्या कादंबरीतून कळले. १६९७ मध्ये पार्लमेंटने कायदा करून तेथील आश्रयाचा हक्क काढून घेतला. पुढे त्याच गल्ल्यांतून वर्तमानपत्रांचे छापखाने उभे राहिले, यावर काय बोलावे ते संपादकांच्या पानावर लिहीत असल्यामुळे मी बोलत नाही.

मला या अल्सेशियाविषयी थोडी कणव वाटते. त्या काळी इंग्लंडात देणे फिटेपर्यंत माणसाला तुरुंगात डांबीत. तुरुंगात बसून देणे फेडायचे कसे, हा प्रश्न कायद्याला पडत नसे. तेव्हा त्या गल्ल्यांतून राहणारे सगळेच काही दरवडेखोर नव्हते. शिंपी, चांभार, दुकान बुडालेला वाणी असेही पुष्कळ असतील. आणि ज्यांचा यात काडीचा संबंध नव्हता ते अल्सासचे शेतकरी! द्राक्षे लावून सुखाने राहणाऱ्या त्या लोकांच्या प्रांताचे नाव पाचशे मैलांवरच्या एका गुंडवस्तीला मिळाले, हे त्यांना कधी कळलेही नसेल. गंमत अशी की पहिल्या महायुद्धानंतर इंग्रजांना जर्मन नावाच्या कुत्र्याची लाज वाटू लागली, तेव्हा त्यांनी त्याला पुन्हा याच प्रांताचे नाव दिले. आपल्याकडे लष्करात बंगल्याबंगल्यावर 'कुत्र्यापासून सावध' अशी पाटी लावून जो बांधलेला असे, तो अल्सेशियन तोच.

बेडलॅम या शब्दाचेही तसेच. गोंधळ, कोणाचा पायपोस कोणाच्या पायात नाही अशी अवस्था, म्हणजे बेडलॅम. मूळ पाहू जाता लंडनमध्ये १२४७ साली स्थापन झालेला बेथलेहेमच्या सेंट मेरीचा मठ. पुढे त्याचे वेड्यांचे इस्पितळ झाले आणि अठराव्या शतकात सुटीच्या दिवशी लोक मुलाबाळांसह तेथे वेड्यांची गंमत पाहायला जाऊ लागले. लोकांच्या जिभेवर बेथलेहेमचे बेडलॅम झाले. ज्या गावी ख्रिस्त जन्मला त्याच्या नावाचा हा शेवट. (ते इस्पितळ आजही लंडनच्या दक्षिणेस चालू आहे आणि मानसिक रोगांवरच्या उपचारांत त्याचे मोठे नाव आहे.) बिलिंग्जगेटचे नाव घेतले की शिव्यागाळी, पण तो मासळीबाजार होता, आणि मासळीबाजार हा शब्द आपणही वर्गातल्या मुलांवर फेकतोच, तेव्हा इंग्रजांना बोल कसा लावावा?

मात्र शांघायच्या बाबतीत मला खरोखर राग येतो. इंग्रजीत शांघाय हे क्रियापद आहे. माणसाला दारूतून गुंगीचे औषध पाजून किंवा डोक्यात दंडुका घालून बेशुद्ध करायचे आणि जहाजावर खलाशी म्हणून चढवायचे; शुद्धीवर येतो तो भोवती समुद्र. याला म्हणायचे 'शांघाय केला'. हा धंदा चाले कोठे? शांघायात नव्हे, अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर, विशेषतः सॅन फ्रान्सिस्कोत. १८४९ मध्ये सोन्याच्या आशेने माणसे लोटली, बंदरात लागलेल्या जहाजांवरचे खलाशी उड्या टाकून खाणींकडे पळाले, आणि कप्तानांना माणसे मिळेनात. मग खाणावळवाल्यांनी माणशी दर ठरवून माणसे पुरवायला सुरुवात केली. १९१५ च्या खलाशी कायद्याने हा प्रकार मोडीत काढला. लांबच्या सफरीवरचे एक बंदर एवढाच शांघायचा त्यात संबंध. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती ही. बरे, सॅन फ्रान्सिस्कोतल्या ज्या मोहल्ल्यात हे उद्योग चालत त्यालाही त्या लोकांनी स्वतःचे नाव ठेवले नाही. त्याला म्हणत बार्बरी कोस्ट. हे नाव उत्तर आफ्रिकेच्या चाच्यांच्या किनाऱ्याचे. गुन्हा अमेरिकेचा, क्रियापद चीनचे, मोहल्ला आफ्रिकेचा! आपल्या अंगणातला कचरा शेजाऱ्याच्या नावे मांडायची ही तऱ्हा लंडनच्या अल्सेशियापासून चालत आली आहे.

आता अमेरिकेचेच एक गाव सांगतो, ज्याने हे ओझे निदान स्वतःच्या नावावर वाहिले. कॅन्सस राज्यातले डॉज सिटी. अमेरिकन माणूस एखाद्या ठिकाणाहून काढता पाय घ्यायचा झाला तर म्हणतो, 'डॉजमधून निघू या.' हे गाव १८७२ मध्ये रेल्वेबरोबर वसले. आधी रानरेड्यांच्या कातड्यांचा व्यापार. ते रानरेडे मारून संपल्यावर टेक्सासहून हाकत आणलेल्या लांब शिंगांच्या गुरांचा. महिनोन् महिने गुरांमागे चाललेली पोरे हातात पगार पडताच गुत्त्यात शिरत. वायट अर्प, बॅट मास्टरसन हे पुढे दंतकथा बनलेले अंमलदार येथलेच. १८८५ मध्ये कॅन्ससने टेक्सासच्या गुरांना रोगाच्या भयाने बंदी केली आणि खेळ खलास झाला. उणीपुरी दहा वर्षे.

रॉबर्ट डायक्स्ट्रा नावाच्या इतिहासकाराने १९६८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात अशा पाच गुरांच्या गावांतले खून मोजले आहेत. १८७० ते १८८५ या काळात पाच गावे मिळून ४५. त्यांपैकी डॉज सिटीचे १५. गावाचा कारभार सुरू होण्यापूर्वीचे पहिले वर्ष भयंकर होते, ते या मोजणीत नाही; आणि हजार-बाराशे वस्तीला पंधरा खून हे थोडे कसे, असे दुसरे इतिहासकार विचारतात, तेही खरे आहे. पण त्याच गावच्या रस्त्यावर हत्यार बाळगण्यास सक्त मनाई असल्याची मोठी पाटी उभी होती, तिचे छायाचित्र आजही पाहायला मिळते. रेल्वेरुळांच्या उत्तरेस पिस्तूल न्यायचे नाही असा कायदा होता. म्हणजे ज्या गावाचे नाव बेबंदशाहीला दिले गेले, ते गाव बंदोबस्तासाठी धडपडत होते. पुढे १९५२ मध्ये 'गनस्मोक' नावाची मालिका रेडिओवर सुरू झाली, १९५५ पासून टेलिव्हिजनवर आली आणि वीस वर्षे चालली. तिचे ६३५ भाग झाले. १५ खून कोठे आणि ६३५ भाग कोठे! ही मालिका चित्रित झाली कॅलिफोर्नियात. डॉज सिटीत आज मांसाचे कारखाने आहेत, आणि येणाऱ्याजाणाऱ्यांना जुने स्मशान दाखवून गाव चार पैसे मिळविते. त्यांना मी दोष देत नाही. बद्दू नाव पुसता येत नसेल तर विकावे.

शिकागोचे नाव मी मुद्दाम लांबवीत नाही. अल कपोनमुळे जगभर ते गुंडगिरीचे नाव झाले. आपल्या घरांतून मात्र शिकागो म्हटले की १८९३ ची सर्वधर्मपरिषद आणि विवेकानंद. नाव एकच, पण ते कोणाच्या तोंडी आहे यावर सगळे.

इथवर इंग्रजांना पुरेशी नावे ठेवून झाली. आता आपल्याकडे वळले पाहिजे. आपल्या मराठीने बजबजपुरी हा फार सज्जन शब्द केला आहे. असे गाव नकाशावर नाही, त्यामुळे कोणाला लागत नाही. हिंदीतली अंधेर नगरीही तशीच. पण मोगलाई? निजामाच्या मुलखाला आपले लोक मोगलाई म्हणत. औरंगाबादेस, परभणीस, नांदेडास राहणारे मराठी लोक मोगलाईतले. आणि पुण्याकडे कोणी उगाच धटिंगणपणा केला की, 'ही काय मोगलाई लागून गेली आहे?' हैदराबादेतल्या एका मराठी स्नेह्यांनी मला एकदा सांगितले होते की लहानपणी सुटीत पुण्यास मामाकडे गेल्यावर हे वाक्य ऐकले की त्यांना आपलेच काहीतरी चुकले असे वाटे. पानिपताचेही पाहा. निवडणुकीत कोणी आपटला की त्याचे पानिपत झाले. शिंद्यांच्या फौजेबरोबर आलेल्या आपल्या घराण्यांना त्या शब्दाचा अर्थ वेगळा सांगायला नको. महादजी तेथूनच पाय अधू करून परतले. पण त्या गावात आज घोंगड्या-सतरंज्यांचे माग चालतात, आणि दूर महाराष्ट्रात आपले नाव काय अर्थाने घेतात याची तेथल्या विणकराला वार्ता नाही.

आणि आपण सगळेच निष्पाप आहोत असे समजू नये. १७४१ पासून दहा वर्षे नागपूरकर भोसल्यांच्या फौजा बंगालवर जात होत्या. कलकत्त्याच्या लोकांनी १७४२ मध्ये आपल्या रक्षणासाठी शहराभोवती खंदक खणला, त्याचे नावच मराठा खंदक. बंगाली आया मुलांना निजविताना ज्या बारगिरांची भीती घालीत, ते आपले. तेथे बेबंदशाहीचे नाव मराठा हे होते.

हे सर्व आठवायचे कारण म्हणजे माझ्या आयुष्यात एका नावाने केलेला घाव. ते नाव चंबळ.

१९६६ ची गोष्ट. माझ्या थोरल्या बहिणीचे लग्न पुण्याच्या एका चांगल्या घरी ठरले. मुलगा इंजिनियर, माणसे सुशील. लग्न आमच्या घरी, लष्करात, व्हायचे ठरले होते. माझ्या आजीची तशी फार इच्छा. ती ऐंशीच्या घरात, कमरेने अधू, प्रवास अशक्य. तिने दोन महिने आधीपासून पापड-सांडगे करवून ठेवले, वाड्याला चुना दिला. आणि एक दिवस इनलँड पत्र आले. 'आपल्या बाजूची परिस्थिती वर्तमानपत्रांतून वाचतो. बरोबर बायका-मुले, अंगावर दागिने, आणि रात्रीच्या वेळी चंबळच्या खोऱ्यातून गाडी. तेव्हा कार्य पुण्यासच करावे, ही विनंती.'

वडील महसूल खात्यात होते. भिंड-मुरैनाच्या बाजूस घोड्यावरून फिरले होते. आधी ते खदखदून हसले. मग रेल्वेचे वेळापत्रक घेऊन त्यांनी एका कागदावर मार्ग लिहून काढला: इटारसी, भोपाळ, बीना, झाशी, दतिया, डबरा, ग्वाल्हेर. चंबळ ग्वाल्हेरच्या पलीकडे, मुरैना ओलांडून धौलपूरच्या वाटेवर, येथून पस्तीस-चाळीस मैल. पुण्याहून येणाऱ्या वऱ्हाडाला ती दिसतसुद्धा नाही. तो कागद त्यांनी पाठविला. उत्तर सभ्यपणे आले: 'आपले म्हणणे पटते; परंतु घरातील मंडळी ऐकत नाहीत.'

लग्न पुण्यास झाले. आजीजवळ कोणीतरी राहायला हवे म्हणून मी मागे राहिलो. मी तेव्हा सतरा वर्षांचा होतो. मुहूर्ताच्या वेळी तिने मला घड्याळ घेऊन बसविले. वेळ झाली म्हणताच तिने देवापुढे अक्षता टाकल्या, माझ्याही हातात दिल्या आणि म्हणाली, "तू पण टाक." नंतर पुष्कळ वेळ ती गप्प होती. मग म्हणाली, "चंबळ किती लांब रे इथून? पासष्ट वर्षं झाली मला या घरात येऊन. मी काही पाहिली नाही बाई ती."

न्यायाने बोलायचे तर भीती अगदीच खोटी नव्हती. त्या बीहडांत बागींच्या टोळ्या होत्या, माणसे 'पकड' म्हणून नेली जात, खेडी जळत होती. मानसिंग १९५५ मध्ये मारला गेला तरी टोळ्या उरल्याच. १९६० मध्ये विनोबा पायी त्या भागात फिरले आणि काही बागींनी त्यांच्यापुढे शस्त्रे ठेवली. १९७२ च्या एप्रिलात जौऱ्यास जयप्रकाशजींपुढे मोहरसिंग, माधोसिंग यांच्यासह शेकडोंनी ठेवली. पण हे भय सोसले ते भिंड-मुरैनाच्या खेडुतांनी. पुण्यामुंबईच्या मंडळींना ते सिनेमात पाहायला मिळाले. त्यातला सर्वांत गाजलेला डाकू गब्बरसिंग. त्याचे नाव १९५९ मध्ये मारल्या गेलेल्या एका खऱ्या बागीचे, पण तो ज्या खडकांवर उभा राहून गर्जना करतो ते खडक कर्नाटकातले. डॉज सिटी आणि कॅलिफोर्निया यांचेच हे नाते.

आजी पुढच्याच वर्षी गेली. बहिणीच्या सासरी पुढे सगळे आमच्या घरी येऊन गेले, कोणाच्या मनात काही राहिले नाही. बहिणीला सासरी थट्टेने 'चंबळची राणी' म्हणत, आणि तिने ते नाव कधी मनाला लावून घेतले नाही. लावून घेतले ते मी.

गेल्या थंडीत बहीण आणि भावजी नातवंडांना घेऊन आले होते. नातवंडांना घडियाल पाहायचे होते. चंबळचा तो भाग १९७९ पासून अभयारण्य आहे. कारखाने नाहीत, मोठी शहरे नाहीत, म्हणून पाणी अजून निर्मळ राहिले आहे. बागींच्या भयाने कोणी तेथे वसले नाही त्याचाही यात वाटा असेल. धौलपूरच्या बाजूने आम्ही होडीत बसलो. वाळूवर लांबच लांब सुसरी ऊन खात पडल्या होत्या. धाकटा नातू घाबरून आजीला बिलगला. नावाडी म्हणाला, "डरो मत भैया, ये सिर्फ़ मछली खाता है."

भावजी आता पंचाऐंशीचे आहेत. कानटोपी घालून ते बराच वेळ त्या मातीच्या कड्यांकडे पाहत होते. मग हळूच मला म्हणाले, "हीच का ती?"

"हीच."

थोड्या वेळाने त्यांनी खिशातून चष्मा काढला, तिकिटाचा कागद उलगडला आणि विचारले, "आपली परतीची गाडी रात्रीचीच आहे ना?"